मुलूख नसलेले सरकार

सप्टेंबर महिन्याची १७ तारीख बीड जिल्ह्यात ध्वजारोहणाची तारीख आहे. १९४८ साली त्या दिवशी निजामाने युद्धबंदी जाहीर करून शरणागती पत्करली, आणि बीड, गेवराई, माजलगाव, केज, आष्टी, पाटोदा व तेव्हा सरकारदरबारी मोमिनाबाद म्हणून ओळखले जाणारे अंबाजोगाई, या तालुक्यांतील रयत, जी पिढ्यान्‌पिढ्या आसफजाही दौलतीची प्रजा म्हणून दफ्तरात नोंदली जात होती, तिच्या मुक्तीचा मार्ग मोकळा झाला. पोलंड देशात हीच तारीख शोकाची मानतात. कारण तिच्या नऊ वर्षे आधी, १७ सप्टेंबर १९३९ रोजी, पश्चिमेकडून आलेल्या हिटलरच्या सैन्याशी झुंजत असलेल्या त्या देशावर पूर्वेकडून सोव्हिएट सैन्य चालून आले, आणि त्याच रात्री पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांना व मंत्रिमंडळाला रुमानियाची सरहद्द ओलांडावी लागली.

हा केवळ दिनदर्शिकेतील योगायोग आहे आणि त्यातून गूढार्थ काढण्याचे प्रयोजन नाही. परंतु मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाचा इतिहास ज्याच्या घरात बोलला गेला आहे, त्या वाचकाला पोलंडच्या कथेतील एक गोष्ट इतरांपेक्षा लवकर उमगेल असे मला वाटते. प्रदेश दुसऱ्याच्या ताब्यात, नेते कारागृहात किंवा सरहद्दीपलीकडे, खजिना नाही, न्यायासन नाही, आणि तरीही लोकांनी ज्यांचा शब्द प्रमाण मानला असे एक नेतृत्व उभे आहे, हा अनुभव मराठवाड्याने १९४७-४८ मध्ये तेरा महिने घेतला. पोलंडने तो एकावन्न वर्षे घेतला. त्या एकावन्न वर्षांतील सर्वांत कठीण काळात, म्हणजे २९ नोव्हेंबर १९४४ पासून २ जुलै १९४७ पर्यंत, लंडनमधील पोलिश सरकारचे पंतप्रधानपद तोमाश आर्चिशेव्स्की या वयोवृद्ध समाजवादी कामगार-पुढाऱ्याकडे होते. चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टालिन यांच्याविषयी आपण पुष्कळ वाचतो. त्या तिघांनी मिळून घेतलेल्या निर्णयाला ज्याने अखेरपर्यंत संमती दिली नाही त्या माणसाचे नाव आपल्या वाचनात क्वचितच येते. आणि त्याच्या सरकारचा एक धागा थेट आपल्या कोल्हापुरापर्यंत येऊन पोचलेला होता, हे तर त्याहूनही थोड्यांना ठाऊक असते.

आर्चिशेव्स्की यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८७७ चा. अठराव्या शतकाच्या अखेरीस रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया या तीन साम्राज्यांनी पोलंडची वाटणी करून त्या देशाचे नाव नकाशावरून पुसून टाकले होते, आणि आर्चिशेव्स्की जन्मले ते रशियाच्या वाट्याला गेलेल्या भागात. तरुणपणी ते सोस्नोविएत्स या औद्योगिक नगरातील पोलाद-कारखान्यात धातुकामगार म्हणून लागले, आणि १८९६ साली, एकोणिसाव्या वर्षाच्या आतबाहेर, पोलिश समाजवादी पक्षाचे सभासद झाले. या पक्षाचे वैशिष्ट्य असे की, कामगारांची मुक्ती आणि राष्ट्राची मुक्ती या दोन गोष्टी त्याने एकमेकींपासून वेगळ्या मानल्या नाहीत. झारच्या अमलाखाली ज्याला स्वतःच्या भाषेत सभा भरवण्याची मुभा नाही, त्याने केवळ वेतनवाढीसाठी भांडावे हे त्या मंडळींना अपुरे वाटे. आणि स्वराज्य आले पण गिरणीतील दिवस बारा-चौदा तासांचाच राहिला, तर ते स्वराज्यही त्यांना अपुरेच वाटले असते. संप, काळ्या यादीत नाव, लंडन व ब्रेमेन येथे परागंदा वास्तव्य, गुप्तपणे परत येणे आणि १९०० साली अटक, असा त्यांचा प्रारंभीचा जीवनक्रम आहे.

त्या काळातील एका घटनेजवळ मराठवाड्यातील वाचकाने थोडे थांबावे. २६ सप्टेंबर १९०८ रोजी विल्नो शहराजवळील बेझ्दानी या लहानशा स्थानकावर पोलिश समाजवाद्यांच्या सशस्त्र तुकडीने झारच्या खजिन्याची रक्कम वाहून नेणारी टपालगाडी अडवली आणि दोन लाखांहून अधिक रुबल हस्तगत केले. तुकडीचे नेतृत्व योझेफ पिलसुद्स्की यांच्याकडे होते, आणि तीत सामील असलेल्यांपैकी चौघे, स्वतः पिलसुद्स्की, स्लावेक, प्रिस्तोर आणि आर्चिशेव्स्की, पुढे पोलंडचे पंतप्रधान झाले. ती रक्कम पक्षाचे कर्ज फेडण्यासाठी, कैदेतील कार्यकर्त्यांच्या साहाय्यासाठी आणि ऑस्ट्रियाच्या हद्दीत चालू असलेल्या लष्करी शिक्षणासाठी खर्ची पडली.

हे वाचताना ३० जानेवारी १९४८ या दिवसाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. महात्माजींच्या हत्येने काळवंडलेल्या त्याच दिवशी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथे हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी निजामी बँकेवर धाड घालून वीस लाखांहून अधिक रुपये ताब्यात घेतले आणि ते सरहद्दीपलीकडे वऱ्हाडातील उमरखेड येथील छावणीवर नेले. पोलंडमधील धातुकामगाराने आणि मराठवाड्यातील शिक्षक, वकील व शेतकरी यांनी एकमेकांची नावेही ऐकलेली नव्हती. तरी चाळीस वर्षांच्या अंतराने त्यांनी एकाच प्रश्नाला एकच उत्तर दिले. रयतेकडून वसूल केलेला पैसा जर रयतेलाच दडपण्यासाठी वापरला जात असेल तर तो परत घेण्याचा अधिकार कोणाला, हा तो प्रश्न. या कृत्यांना धाड म्हणावे की जप्ती म्हणावे याचा निर्णय, माझ्या मते, बंदुकीच्या क्षणावरून होत नाही. तो नंतरच्या हिशेबाच्या वहीवरून होतो. उमरीच्या रकमेचा हिशेब ठेवला गेला, ती चळवळीच्या कामी लागली, आणि तिच्यावर कोणाचे घर उभे राहिले नाही, ही गोष्ट मराठवाड्याने अभिमानाने सांगावी अशी आहे. ज्या सत्तेपाशी पोलीस नाही, न्यायाधीश नाही आणि लेखापरीक्षकही नाही, तिची नीतिमत्ता पाहण्याची दुसरी जागा उरत नाही.

पहिले महायुद्ध संपता संपता पोलंड पुन्हा उदयास आले. नोव्हेंबर १९१८ मध्ये लुब्लिन येथे स्थापन झालेल्या तात्पुरत्या लोकसरकारात आर्चिशेव्स्की श्रमखात्याचे मंत्री झाले. कारखान्यातील भट्टीपुढे उभा राहिलेला मनुष्य कामगारांच्या खात्याचा प्रमुख झाला, आणि त्या सरकारने प्रसिद्ध केलेल्या जाहीरनाम्यात आठ तासांच्या दिवसाचे अभिवचन होते. त्यानंतरच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे डाक व तारखाते आले. १९१९ पासून १९३५ पर्यंत ते लोकसभेचे सदस्य राहिले. १९२६ साली जुने सहकारी पिलसुद्स्की यांनी लष्कराच्या बळावर सत्ता घेतली, आणि पुढे त्यांचा कारभार जसजसा एकतंत्री होत गेला तसतसा समाजवादी पक्ष, आणि त्याच्यासमवेत आर्चिशेव्स्की, विरोधात गेले. बेझ्दानीच्या रात्री ज्याच्या शब्दावर प्राण पणाला लावले त्याच्याच विरुद्ध संसदेत उभे राहणे सोपे नसते. परंतु मैत्री आणि लोकशाही यांतील निवड करताना त्यांचा पाय अडखळला नाही, आणि पुढील आयुष्यातही हाच स्वभाव त्यांच्या कामी आला.

१९३९ मध्ये देश बुडाला तेव्हा राज्य मात्र बुडू नये, अशी तजवीज पोलंडच्या राज्यघटनेतच होती. १९३५ च्या घटनेतील २४ व्या कलमाप्रमाणे युद्धकाळात राष्ट्राध्यक्षास आपला उत्तराधिकारी स्वतः नेमता येत असे. रुमानियात स्थानबद्ध झालेल्या राष्ट्राध्यक्षांनी या कलमाचा आधार घेऊन परदेशी असलेल्या व्लादिस्लाव रचकेविच यांना अधिकार दिला. त्यांनी ३० सप्टेंबर १९३९ रोजी पॅरिसमध्ये शपथ घेतली, आणि जनरल सिकोर्स्की पंतप्रधान झाले. फ्रान्स पडल्यावर १९४० च्या जूनमध्ये हे सरकार लंडनला गेले. त्याच्यापाशी एक इंचही मुलूख नव्हता, परंतु मोहर होती, वकिलाती होत्या, आणि फौज होती. त्या फौजेतील वैमानिक ब्रिटनच्या आकाशात लढले आणि पायदळाने १९४४ च्या मे महिन्यात मोंटे कॅसिनोचा डोंगर जिंकला. त्याच इटलीच्या रणक्षेत्रात आपल्या मराठा पलटणीही लढत होत्या.

याहून विलक्षण गोष्ट म्हणजे जर्मनांच्या टाचेखालील पोलंडमध्येच या सरकारचे दुसरे, गुप्त अंग काम करीत होते. लंडन सरकारचा प्रतिनिधी, त्याची खाती, गुप्त न्यायालये, घराघरांत भरणाऱ्या शाळा व विद्यापीठाचे वर्ग, आणि या सर्वांच्या जोडीला गृहसेना, असे एक संपूर्ण भूमिगत राज्यच तेथे चालले होते. आर्चिशेव्स्की या काळात लंडनला नव्हते; ते देशातच राहिले. त्यांच्या पक्षाने ‘स्वातंत्र्य, समता, राष्ट्रमुक्ती’ या तीन शब्दांच्या नावाखाली भूमिगत संघटना उभारली, आणि तिच्या प्रमुखांत ते व काझिमेश पुझाक हे होते. साठी ओलांडलेला हा गृहस्थ पाच वर्षे खोट्या नावांनी, मृत्युदंडाच्या छायेत वावरला.

१९४४ च्या जुलैत त्यांना लंडनला नेण्याचे ठरले, आणि तो प्रवास एखाद्या कादंबरीत शोभावा असा घडला. २५ जुलैच्या रात्री तार्नुफ शहराच्या परिसरात एका गवताळ मैदानावर दोस्त राष्ट्रांचे एक डाकोटा विमान गुप्तपणे उतरले. जर्मनांच्या व्ही-२ या नवीन अग्निबाणाचे सुटे भाग गृहसेनेने हस्तगत केले होते, ते ब्रिटनला पोचवणे हा त्या फेरीचा मुख्य हेतू. आणि त्याच विमानातून सहासष्ट वर्षांचे आर्चिशेव्स्की जायचे होते. मैदान पावसाने भिजलेले होते; विमानाची चाके चिखलात रुतली, जर्मन तुकड्या जवळपासच होत्या, आणि वैमानिकाने विमान जाळून टाकण्याचाही विचार केला; अखेर गृहसेनेच्या माणसांनी हातांनी माती उकरली, चाकांखाली फळ्या घातल्या, आणि अनेक प्रयत्नांनंतर विमान उडाले. त्यानंतर आठवडाही लोटला नाही तोच, १ ऑगस्ट रोजी, वॉर्सात उठाव झाला. त्रेसष्ट दिवस ते शहर लढले आणि व्हिश्चुला नदीच्या पलीकडच्या तीरावर आलेले सोव्हिएट सैन्य त्याच्या मदतीला आले नाही.

आता लंडनमधील पेच सांगितला पाहिजे. १९४३ च्या एप्रिलमध्ये कातिनच्या अरण्यात हजारो पोलिश अधिकाऱ्यांची प्रेते सापडली. पोलिश सरकारने आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसकडून चौकशीची मागणी करताच मॉस्कोने त्याच्याशी संबंध तोडले. जुलैमध्ये जिब्राल्टरजवळ विमान अपघातात सिकोर्स्की मृत्यू पावले. त्यांच्या जागी आलेले शेतकरी पक्षाचे मिकोवायचिक ऑक्टोबर १९४४ मध्ये मॉस्कोला वाटाघाटींसाठी गेले, तेव्हा त्यांना कळून चुकले की पोलंडचा पूर्वेकडील सुमारे अर्धा मुलूख सोव्हिएट संघाला देण्याचे आदल्या वर्षीच तेहरान येथे तिघा बड्यांत ठरून गेले आहे. तोच देऊन उरलेले वाचवावे असे त्यांचे मत. सहकाऱ्यांना ते मान्य नव्हते. २४ नोव्हेंबरला त्यांनी राजीनामा दिला, आणि पाच दिवसांनी आर्चिशेव्स्की यांनी सूत्रे घेतली.

या सरकारला निषेधाचे सरकार म्हटले गेले, आणि ते नाव अन्यायाचे नाही. त्याची मान्यता ब्रिटनने काढून घेतली नव्हती, परंतु चर्चिलने त्याच्याशी बोलणेही जवळजवळ बंद केले. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे पोलंडची सरहद्द व त्या देशाचे भावी शासन यांचा निर्णय झाला तेव्हा पोलंडचा एकही प्रतिनिधी तेथे बोलावलेला नव्हता. १३ फेब्रुवारीस आर्चिशेव्स्की सरकारने जाहीर केले की, त्याच्या संमतीवाचून झालेला हा निर्णय पोलिश राष्ट्रावर बंधनकारक नाही. मार्चमध्ये भूमिगत राज्याच्या सोळा पुढाऱ्यांना वाटाघाटींच्या निमित्ताने बोलावून सोव्हिएट पोलिसांनी अटक केली आणि मॉस्कोला नेऊन त्यांच्यावर खटला भरला. त्यांत पुझाक होते. ते पुढे मायदेशी परतले, नव्या राजवटीने त्यांना पुन्हा पकडले, आणि १९५० साली तुरुंगातच त्यांचा अंत झाला. झारच्या कैदेत जाऊन आलेला समाजवादी समाजवादाचे नाव घेणाऱ्या सत्तेच्या कैदेत मरावा, याहून मोठी शोकांतिका त्या चळवळीच्या इतिहासात मला दिसत नाही.

आर्चिशेव्स्की यांच्या एका उद्गारावर त्यांच्याच देशबांधवांनी पुष्कळ टीका केली. डिसेंबर १९४४ मध्ये लंडनच्या एका वृत्तपत्राला मुलाखत देताना त्यांनी सांगितले की, पूर्वेकडील मुलखाच्या मोबदल्यात जर्मनीची ब्रेस्लाऊ व स्टेटिन ही शहरे आम्हाला नकोत. राजकारणाच्या दृष्टीने हे बोलणे हानिकारक ठरले, कारण ती शहरे पुढे पोलंडला मिळालीच, आणि नव्या राजवटीला ‘लंडनवाल्यांनी ती नाकारली होती’ असे सांगण्याची सोय झाली. तथापि त्या उद्गारामागे एक विचार होता. आपली लाखो माणसे एका बाजूने उठवून दुसऱ्यांच्या लाखो माणसांना उठवून रिकाम्या केलेल्या घरांत बसवायची, हा व्यवहार त्यांना राष्ट्राच्या भवितव्यासाठी धोक्याचा वाटत होता. घराबाहेर काढलेल्या माणसांचे लोंढे त्या दशकात युरोपात वाहिले आणि अडीच वर्षांनी पंजाब, सिंध व बंगाल येथेही वाहिले. हे ज्याने जाणले आहे त्याला आर्चिशेव्स्की केवळ हट्टी होते असे म्हणवणार नाही.

आणि आता कोल्हापूर. १९४० व १९४१ या वर्षांत सोव्हिएट सत्तेने पूर्व पोलंडमधील लक्षावधी माणसांना मालगाड्यांत कोंडून सायबेरिया, कझाकस्तान व उत्तरेकडील अरण्यांत पाठवले होते. हिटलरने रशियावर स्वारी केल्यावर, ३० जुलै १९४१ च्या सिकोर्स्की-मायस्की करारान्वये त्यांची सुटका झाली. जनरल आंदेर्स यांनी त्यांतून फौज उभी केली, आणि १९४२ साली ती फौज व तिच्यासोबत स्त्रिया, मुले, वृद्ध कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरले. पुरुष रणांगणाकडे गेले. उरलेल्यांना आसरा कोठे द्यावा हा प्रश्न होता. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे अनाथ मुलांना आश्रय दिला. कोल्हापूर संस्थानात, शहरापासून काही मैलांवर, वळिवडे येथे १९४३ पासून एक संपूर्ण पोलिश वसाहतच उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसे तेथे राहत. ओळीने बांधलेल्या बराकी, चर्च, प्राथमिक व माध्यमिक शाळा, रुग्णालय, नाट्यगृह, बालवीरांची पथके, सर्व काही होते. क्षयाने वा अशक्तपणाने ग्रासलेल्यांची सोय पाचगणीच्या हवेत केली गेली.

या वसाहतीचा खर्च व व्यवस्था लंडनमधील पोलिश सरकारकडून, मुंबईतील त्याच्या वाणिज्यदूतामार्फत होत असे. म्हणजे ज्या सरकारला स्वतःच्या देशात शाळा उघडण्याची सोय नव्हती, ते पंचगंगेच्या काठी पोलिश भाषेत शाळा चालवत होते, वर्गपरीक्षा घेत होते, दाखले देत होते. त्या सरकारच्या सर्व कामांत हे मला सर्वांत मोठे वाटते. मंत्रिमंडळाचे निषेधखलिते आज अभिलेखागारात पडून आहेत. परंतु सायबेरियात उपासमारीने मरता मरता वाचलेली एक मुलगी वळिवड्याच्या बराकीत आपल्या भाषेतील इतिहास शिकून मोठी झाली, ही त्या सरकारने केलेल्या कारभाराची खरी मिळकत होय. महाराष्ट्राचा पोलंडशी संबंध यापूर्वीही आलेला होता. औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी १९३९ साली प्रजेला स्वराज्य दिले, त्या प्रयोगात आप्पासाहेब पंतांच्या बरोबरीने मॉरिस फ्रीडमन हा पोलंडमध्ये जन्मलेला अभियंता होता. परंतु वळिवड्यात आले ते पोलंडमधील सामान्य शेतकऱ्यांचे व सैनिकांचे संसार होते.

५ जुलै १९४५ रोजी ब्रिटन व अमेरिका यांनी वॉर्सातील नव्या सरकारला मान्यता दिली, आणि लंडनच्या सरकारची मान्यता त्याचबरोबर संपली. वकिलातींच्या किल्ल्या गेल्या, बँकेतील ठेवी गेल्या, मुंबईतील वाणिज्यदूताचे आसनही गेले. वळिवड्याचा कारभार ब्रिटिश व्यवस्थेकडे आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेकडे गेला. बराकीतील माणसांपुढे आता असा प्रश्न उभा राहिला की परतायचे कोठे. कारण त्यांची गावे ज्या मुलखात होती तो मुलूखच पोलंडमध्ये उरलेला नव्हता. काही परतले; बहुसंख्य १९४७-४८ मध्ये ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका येथे गेले. त्यांनी रिकाम्या केलेल्या जागेत फाळणीमुळे घरदार गमावलेले सिंधी निर्वासित आले, आणि तेथे आजचे गांधीनगर वसले.

वळिवडे रिकामे होत होते, त्याच महिन्यांत बीड जिल्ह्याच्या पश्चिमेला, नगर व सोलापूर जिल्ह्यांच्या सरहद्दीवर, आपल्याच माणसांच्या छावण्या भरत होत्या. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ हे अंबाजोगाईला परके नव्हते. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेनंतर येथील योगेश्वरी विद्यालयाचे मुख्याध्यापकपद त्यांनी भूषवले होते, आणि येथूनच ते राजकारणात उतरले. पूर्वाश्रमी ते कामगार-पुढारी ना. म. जोशी यांचे सहायक होते, ही गोष्ट आर्चिशेव्स्कींच्या चरित्रानंतर विशेष ध्यानात येते. दोघांच्याही राष्ट्रभक्तीची पहिली शाळा कामगारांची चळवळ होती. ७ ऑगस्ट १९४७ रोजी भारतात विलीन होण्याची चळवळ पुकारली गेली, १५ ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली, नोव्हेंबरअखेर सुटका आणि २६ जानेवारी १९४८ ला पुन्हा अटक. नेता कैदेत असता दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखाली कृती समितीने राज्याबाहेरून लढ्याचे संचालन केले. गोविंदभाई श्रॉफ तिच्या अग्रणींत होते.

सरहद्दीवरील छावण्यांचे काम कवायतीपुरते नव्हते. करोडगिरीची नाकी उठवणे, लेव्हीच्या धान्याची व महसुलाची दफ्तरे जाळणे, शिंदीची झाडे तोडून अबकारी उत्पन्न बुडवणे, रझाकारांच्या जाचाने गाव सोडून आलेल्यांना आसरा देणे, अशी ती कामे होती; आणि त्यांचा अर्थ एकच, की निजामाचा अंमल गावात चालत नाही हे रयतेला प्रत्यक्ष दिसावे. जेथे सभा भरवण्यास गश्ती निशाण ५३ अन्वये पूर्वपरवानगी लागे, तेथे परवानगी न विचारणारी दुसरी सत्ता उभी राहिली. पोलंडच्या भूमिगत राज्याशी तिची तुलना आकाराने होणार नाही. जातीने मात्र ती एकच आहे.

फरक झाला तो शेजाऱ्यात. आपल्या छावण्यांच्या पाठीशी स्वतंत्र भारत उभा होता, आणि १३ सप्टेंबर १९४८ रोजी त्याचे सैन्य सोलापूरकडून आत शिरले तेव्हा पाच दिवसांत निकाल लागला. आर्चिशेव्स्कींच्या पाठीशी ज्यांनी उभे राहायचे, त्यांना जर्मनीचा पाडाव करण्यासाठी स्टालिनची गरज होती. मराठवाड्यातील पुढाऱ्यांचा त्याग लंडनमधील पोल मंडळींपेक्षा अधिक होता म्हणून आपण मुक्त झालो, असे म्हणण्यास आधार नाही. आणि पोल मंडळी हट्टी होती म्हणून त्यांचा देश गेला, असे म्हणणे त्याहून अन्यायाचे होईल. आपल्या विजयाची एक बाजू दुःखाचीही आहे: रझाकारांच्या अत्याचारांनंतर सैन्य आले आणि त्यानंतर अनेक ठिकाणी निरपराध मुसलमान रयतेवर सूड उगवला गेला, पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्या हत्यांची नोंद केली. मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात हे पानही वाचले गेले पाहिजे, कारण स्वामीजींचा लढा निजामाच्या सत्तेविरुद्ध होता, कोणा धर्माविरुद्ध नव्हता.

मान्यता गेल्यानंतरही आर्चिशेव्स्की दोन वर्षे पंतप्रधान राहिले. राष्ट्राध्यक्ष रचकेविच यांनी १९४४ मध्ये त्यांना आपला उत्तराधिकारी नेमले होते. परंतु मृत्यूपूर्वी थोडेच दिवस, एप्रिल १९४७ मध्ये, ती नेमणूक रद्द करून त्यांनी ऑगस्ट झालेस्की यांचे नाव घातले. यावरून लंडनमधील पोल समाजात जो तंटा पेटला तो वर्षानुवर्षे शमला नाही. सत्ता नसताना सत्तेसाठी भांडण कशाचे, असे बाहेरच्याला वाटेल. पण ज्यांच्याजवळ घटनेचे एक कलम एवढेच उरले आहे, त्यांना त्या कलमाचा अर्थ प्राणाइतका मोलाचा असतो. १९५४ साली विरोधकांनी आर्चिशेव्स्की, जनरल आंदेर्स व एडवर्ड राचिन्स्की यांची त्रिसदस्य समिती स्थापली. २० नोव्हेंबर १९५५ रोजी आर्चिशेव्स्की लंडन येथे निधन पावले, आणि ब्रॉम्प्टनच्या दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले.

तंटा पुढे १९७२ मध्ये मिटला. एकामागून एक वृद्ध राष्ट्राध्यक्ष उत्तराधिकारी नेमत गेले आणि लंडनमधील कचेरी चालू राहिली. २२ डिसेंबर १९९० रोजी त्यांतील शेवटचे, रिशार्द काचोरोव्स्की, वॉर्साच्या राजवाड्यात आले आणि जनतेने निवडलेल्या लेक वालेसा यांच्या स्वाधीन त्यांनी राष्ट्राध्यक्षाचा ध्वज, राज्याच्या मोहरा व १९३५ च्या घटनेची मूळ प्रत केली. वालेसा हे ग्दान्स्कच्या गोदीतील वीजतंत्री होते. लंडनच्या सरकारने त्याच वेळी आपले विसर्जन जाहीर केले, आणि उरलेली देणीघेणी व दफ्तर यांची विल्हेवाट लावण्यासाठी नेमलेल्या समितीने पुढील वर्षी आपले काम पुरे केले.